समई, मेणबत्ती आणि मधली साठ वर्षं

ईस्टरच्या आदल्या रात्री नाशिकच्या कॅथलिक चर्चच्या आवारात सगळे दिवे मालवतात आणि लोखंडी शेगडीत विस्तव पेटवतात. पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्ती त्याच विस्तवावर लागते. तिच्यावर क्रूस, चालू सालाचे चार आकडे आणि ग्रीक वर्णमालेतलं पहिलं व शेवटचं अक्षर असतं. क्रुसावर धूपाचे पाच खडे खोचलेले असतात, ती ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण. मग अंधाऱ्या चर्चमध्ये ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असा घोष तीनदा होतो आणि ज्योतीवरून ज्योत लागत जाते. हातातल्या पुठ्ठ्याच्या चकतीवर मेण ओघळतं आणि शेजारच्याचा चेहरा हळूहळू दिसू लागतो.

हे असंच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, असं तरुणांना वाटतं. प्रत्यक्षात १९५१ पर्यंत हा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात उरकला जाई. विधीतले ‘हीच ती रात्र’ हे शब्द म्हणायचे आणि खिडकीतून ऊन आत येत असायचं! रात्रीची परवानगी आधी प्रयोग म्हणून मिळाली आणि १९५६ च्या ईस्टरपासून तोच नियम झाला. प्रतीकाला त्याचा अंधार परत मिळाला, तो इतका अलीकडे.

प्रकाशाच्या या प्रतीकाचा मागचा इतिहास थोडक्यात. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात प्रकाश पहिल्या दिवशी होतो, सूर्य-चंद्र मात्र चौथ्या दिवशी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातलं ‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे येशूचं वचन ज्यूंच्या मंडपांच्या सणाच्या पार्श्वभूमीवर येतं. त्या सणात यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात मोठे दीप लावत. विश्वासांगीकारातले, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीतले, ‘प्रकाशापासून प्रकाश’ हे ख्रिस्ताविषयीचे शब्द ३२५ सालच्या निकाया इथल्या बिशपांच्या परिषदेतले. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, पित्याहून दुय्यम म्हणणाऱ्यांना ‘दिव्यावरून लावलेला दिवा’ ही उपमाच मान्य नव्हती, कारण तिच्यात दोन्ही ज्योती सारख्याच ठरतात.

आपल्याकडे खरा वाद पेटला तो १९६९ मध्ये. भारतातल्या मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेसाठी, बारा बदल त्या वर्षी रोमने, म्हणजे कॅथलिक धर्मपीठाने, मान्य केले. बसण्याची पद्धत, हात जोडून नमस्कार, अंगावर शाल, आरती, असे ते बदल. त्यातलाच एक म्हणजे मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल. नुसतं ‘चालेल’, सक्ती नाही. तरी सर्वांत जास्त डोळ्यांत भरली ती समईच. हे हिंदूकरण आहे, अशी ओरड झाली. निर्णय घाईने झाला, साध्या भाविकांना कोणी विचारलं नाही, हा आक्षेपही आला आणि त्यात तथ्य होतं. नाशिकमध्ये ख्रिस्ती वस्ती जुनी. शरणपूरचं ख्रिस्ती गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं, पण ते प्रॉटेस्टंट परंपरेतलं. रोमचे बारा बदल त्यांना लागू नव्हते, तरी समई हवी की नको, हा प्रश्न तिथल्या घरांतही पोचलाच.

या वादात एक गोष्ट सतत निसटते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. बायबलमध्ये मेणबत्ती नाहीच. आहेत ते तेलाचे दिवे. निवासमंडपातला, म्हणजे इस्राएल लोकांच्या तंबूतल्या देवस्थानातला, दिवा जैतुनाच्या तेलावर जळे आणि येशूने सांगितलेली दहा कुमारींची गोष्ट तर तेल संपण्याचीच आहे. मेणबत्ती आली रोमन जगातून. मग परकं कोण?

आणि शब्द बघा. ग्रीकमध्ये दिव्याच्या बैठकीला एकच शब्द आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक अनुवादात निवासमंडपातल्या सोन्याच्या दीपासाठीही तोच वापरला आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याचे तीन शब्द होतात. निर्गम या पुस्तकात दीपवृक्ष. मत्तयाच्या शुभवर्तमानात दिवठणी, ‘दिवा मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात’. आणि प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात सोन्याच्या सात समया. त्या समया म्हणजे सात मंडळ्या, अर्थात सात चर्च, असं तिथेच स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे जे लोक ‘समई चर्चमध्ये नको’ म्हणत होते, त्यांच्या काखेतल्या शास्त्रात चर्च म्हणजेच समई, असं छापलेलं होतं. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

पुढे समईवर मोराच्या किंवा हंसाच्या जागी क्रूस बसला. नाशिकच्या भांडी बाजारात पितळ घडवणाऱ्यांना हा बदल अवघड नव्हता, वरचा दांडा तेवढा निराळा ओतायचा. पाच वातींचा अर्थ कोणीतरी पाच जखमांशी लावला आणि तो सगळ्यांना पटला, कारण पास्काच्या मेणबत्तीवर तेच पाच आधीपासून होते.

दुसरा आक्षेप मात्र उशिरा आला, आणि त्याला माझ्याकडे असं सोपं उत्तर नाही. तो दलित ख्रिस्ती कुटुंबांतून आला. भारतीय म्हणून जे आणलंत ते वाड्यातलं, देवघरातलं आणलंत, असं ते म्हणतात. समई, आरती, शाल हे ज्यांच्या उंबऱ्याआत आम्हाला कधी घेतलं नाही, त्यांच्या घरातलं. माझ्या आजोळीही समई नव्हती. रॉकेलची चिमणी होती. काजळी धरलेली काच आजी संध्याकाळी राखेने पुसायची, वात वर करायची आणि त्याच उजेडात योहानाचा पहिला अध्याय म्हणायची.