स्पर्श, थंडी, उष्णता, वेदना: त्वचेतल्या ग्राहींच्या शोधाची पार्श्वभूमी

शरीरक्रियाशास्त्राच्या बऱ्याच गाइडांत अजूनही चार ओळींचा एक तक्ता सापडतो. मायस्नर कणिका हलक्या स्पर्शासाठी, क्राउझचे कंद थंडीसाठी, रुफिनीची टोके उष्णतेसाठी आणि मोकळी चेताटोके (नसांची उघडी टोके) वेदनेसाठी. विद्यार्थी तो पाठ करतात आणि पेपरात लिहून मोकळे होतात. हा तक्ता १८९४ ते १८९६ या काळात लाइपझिगमध्ये माक्स फॉन फ्राय यांनी मांडला. त्यातल्या मधल्या दोन ओळी चुकीच्या आहेत, हे कळूनही कैक दशके उलटली. त्यामागचा विचार मात्र, म्हणजे प्रत्येक संवेदनेला स्वतःचा ग्राही (ती संवेदना टिपणारी रचना) आणि नसेतला स्वतःचा तंतू असतो हा, बहुतांशी खरा निघाला. विचार बरोबर आणि तपशील चूक, असे का झाले हे समजले की त्वचेचे आजचे ज्ञान नीट उलगडते.

सुरुवात बर्लिनच्या योहानेस म्युलर यांच्यापासून करावी लागते. १८३०च्या दशकात त्यांनी सांगितले की नसेला कशानेही डिवचले तरी ती आपल्याच जातीची संवेदना देते. मिटल्या डोळ्याच्या कडेला बोटाने दाबले की उजेडाचा ठिपका दिसतो, तो याचा घरबसल्या मिळणारा पुरावा. पण म्युलर यांच्या हिशेबी स्पर्श ही एकच संवेदना होती; थंडी, ऊब, दुखणे हे सगळे त्याच खात्यात. त्याच सुमारास, १८३४ मध्ये, एर्न्स्ट वेबर यांनी कंपासची दोन टोके त्वचेवर टेकवून मोजणी केली. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरावरची टोकेही वेगळी जाणवतात, पाठीवर मात्र अंतर काही सेंटिमीटर झाल्याशिवाय दोन टोके एकच वाटतात.

दुसरीकडे सूक्ष्मदर्शकाखाली रचना सापडत होत्या. फिलिप्पो पाचिनी यांना विद्यार्थीदशेत, १८३१ मध्ये, हाताचे विच्छेदन करताना नसांना लटकलेले, साध्या डोळ्यांना दिसणारे मिलिमीटरभर लांबीचे दाणे आढळले. १८५२ मध्ये मायस्नर आणि वाग्नर यांनी बोटांच्या त्वचेतल्या कणिकांचे वर्णन केले, १८७५ मध्ये मेर्केल यांनी स्पर्शपेशी दाखवल्या, १८९०च्या दशकात रुफिनी यांची टोके आली. नावे भराभर पडली. कोणती रचना काय करते हे मात्र कोणी तपासले नव्हते, कारण तपासण्याचे साधनच नव्हते.

ते साधन १८८० नंतर तयार झाले. स्वीडनच्या उप्साला इथे मागनुस ब्लिक्स यांनी आतून पाणी खेळवता येईल असे टोकदार पोकळ धातूचे उपकरण बनवले आणि थंड किंवा कोमट टोक हातावर बिंदू-बिंदू करत फिरवले. काही ठिकाणी फक्त थंडी जाणवली, काही ठिकाणी फक्त ऊब, आणि मधल्या बऱ्याच जागी दोन्ही नाही. बर्लिनमध्ये गोल्डशायडर आणि अमेरिकेत डोनाल्डसन यांनीही स्वतंत्रपणे, जवळजवळ त्याच वर्षांत, हेच पाहिले. थंडीचे बिंदू उबेच्या बिंदूंपेक्षा पुष्कळ जास्त असतात हेही तेव्हाच कळले. म्हणजे त्वचा हा सलग पडदा नाही, वेगवेगळ्या कामांच्या ठिपक्यांनी भरलेला नकाशा आहे.

फॉन फ्राय यांना स्पर्शाचे बिंदू शोधायचे होते आणि त्यासाठी ठरावीक, पुन्हा पुन्हा तेवढाच देता येईल असा दाब हवा होता. हाताने टोचले तर दाब दर वेळी बदलतो. त्यांनी छोट्या काडीच्या टोकाला मेणाने केस आडवा चिकटवला. माणसाचा, कधी घोड्याचा. केस त्वचेवर उभा टेकवून दाबत गेले की एका क्षणी तो वाकतो. वाकल्यावर हाताचा जोर थोडा वाढला तरी टोकाशी पडणारा दाब जवळपास तेवढाच राहतो, कारण जादा जोर केस आणखी वाकवण्यात जातो. तो दाब तराजूवर मोजता येतो. केस आखूड कापला की ताठ होतो, दाब वाढतो; लांब ठेवला की कमी होतो. जाडी आणि लांबी बदलून त्यांनी दाबांची शिडीच तयार केली. प्रयोगशास्त्राच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी टिकाऊ साधने फार थोडी असतील; उंदरांवरच्या वेदना-संशोधनात आजही नायलॉनचे ‘फॉन फ्राय केस’च वापरतात.

बिंदू मिळाल्यावर ते कोणत्या रचनेचे, हे फॉन फ्राय यांनी तर्काने ठरवले. बोटांच्या टोकांवर स्पर्श तल्लख आणि तिथेच मायस्नर कणिका दाट, म्हणून ती स्पर्शाची. डोळ्याच्या बुबुळावर त्यांना वेदनाच मिळाली आणि तिथे मोकळी टोकेच आहेत, म्हणून ती वेदनेची. नेत्रश्लेष्मला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण) आणि जननेंद्रियाच्या त्वचेत क्राउझचे कंद सापडतात आणि तिथे थंडी जाणवते, म्हणून ते थंडीचे. उरली रुफिनीची टोके आणि उरली ऊब. त्यांची जोडी लावून टाकली. पहिल्या तीन जोड्यांना निदान जागेचा आधार होता. शेवटची जोडी उरलेल्यांची होती, आणि इथेच तक्ता ढिला पडला.

चूक पकडायची सरळ पद्धत अशी: थंडीचा बिंदू शाईने खुणावायचा, तेवढा त्वचेचा तुकडा कापायचा आणि खाली काय आहे ते बघायचे. १९२७ मध्ये अमेरिकेत कार्ल डालेनबाख यांनी स्वतःच्या त्वचेवर हे केले. ना क्राउझचे कंद मिळाले, ना रुफिनीची टोके. मिळाली ती साधी चेताटोके. १९५०च्या दशकात ऑक्सफर्डच्या वेडेल आणि सहकाऱ्यांनी कानाच्या पाळीकडे बोट दाखवले. तिथे केसांच्या मुळांभोवतीचे तंतू आणि मोकळी टोके यांपलीकडे फारसे काही नाही, तरी थंडी, ऊब, स्पर्श, वेदना सगळे जाणवते. यावरून त्यांनी विशेष ग्राहींची कल्पनाच सोडली. तंतूंमधून जाणाऱ्या विद्युत स्पंदांच्या नक्षीवरून मेंदू संवेदना ओळखतो असे ते म्हणू लागले. माझ्या मते हे दुसरे टोक झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन टोके सारखी दिसली म्हणून ती सारखी असतात असे नाही. फरक त्यांच्या पेशीपटलातल्या प्रथिनांत होता, आणि तो दिसायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे लागायची होती.

दरम्यान विजेच्या मोजमापाने बरेच प्रश्न मार्गी लावले. १९२६ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि झॉटरमन यांनी एकेका तंतूतले स्पंद नोंदवले. उद्दीपन वाढवले की स्पंद मोठा होत नाही, स्पंदांची संख्या वाढते. एर्लांगर आणि गॅसर यांनी तंतूंची वेगानुसार प्रतवारी केली. स्पर्शाचे जाड, मायलिनचे आवरण असलेले ए-बीटा तंतू सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने संदेश नेतात. बारीक ए-डेल्टा ५ ते ३० मीटर. आवरण नसलेले सी तंतू अर्धा ते दोन मीटर. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचला की आधी ‘लागलं’ हे कळते, लगेच सणक जाते, आणि सेकंदभराने ठणका सुरू होतो. अंगठ्यापासून मेरुरज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरा आणि वरच्या वेगांनी भागा, तिन्ही वेळा बरोबर जुळतात.

पाचिनीच्या दाण्याचे कोडेही याच काळात सुटले. कांद्यासारख्या पापुद्र्यांत गुंडाळलेले एक चेताटोक, एवढीच त्याची रचना. दाबाची सुरुवात आणि शेवट तो कळवतो. मधल्या स्थिर दाबात गप्प राहतो. १९६०च्या दशकात लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी पापुद्रे एकेक करून सोलले. उघडे टोक दाबाला प्रतिसाद देतच राहिले, आणि आता तो प्रतिसाद दाब असेपर्यंत बराच टिकला. म्हणजे ओळखण्याचे काम टोकाचे आणि स्थिर दाब गाळून फक्त बदल आत सोडण्याचे काम पापुद्र्यांचे. म्हणून हा दाणा सेकंदाला २०० ते ३०० कंपनांना सर्वांत तल्लख असतो. अंगावरचा कपडा दोन मिनिटांत जाणवेनासा होतो, त्यामागेही ग्राहींची हीच सवय मोठ्या प्रमाणात असते.

वेदनेला स्वतंत्र ग्राही आहे की कोणतीही संवेदना अति झाली की दुखते, हा वाद सर्वांत लांबला. शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये इजा ओळखणाऱ्या ग्राहीची कल्पना मांडली होती. पण ठोस पुरावा एडवर्ड पर्ल यांच्या गटाने १९६७ आणि १९६९ मध्ये दिला. मांजराच्या त्वचेतले काही तंतू हळुवार स्पर्शाला अजिबात दाद देत नव्हते, इजा होईल इतक्या दाबाला किंवा उष्णतेलाच बोलत होते. काही सी तंतू दाब, उष्णता आणि रसायन तिन्हींना प्रतिसाद देणारे निघाले. याच दरम्यान, १९६५ मध्ये, मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की मेरुरज्जूत शिरतानाच वेदनेचा संदेश स्पर्शाच्या तंतूंमुळे दाबला जाऊ शकतो. ठेचलेली जागा आपण चोळतो, त्याला हा आधार आहे. त्यांच्या प्रतिमानाचे तपशील पुढे बदलले, पण वेदना वाटेतच कमी-जास्त होते हे टिकले.

प्रथिनापर्यंत पोचवले ते मिरचीने. मिरची झोंबते ती तिच्यातल्या कॅप्सेसिनमुळे, आणि तो वेदनातंतूंनाच उद्दीपित करतो हे माहीत होते. कसा, ते १९९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मायकेल कॅटरिना यांनी शोधले. संवेदी चेतापेशींतल्या जनुकांच्या प्रती त्यांनी कॅप्सेसिनला दाद न देणाऱ्या पेशींत गटागटाने घातल्या. कॅल्शियम आत शिरल्यास चमकणारा रंग पेशींत होताच. ज्या गटाच्या पेशी कॅप्सेसिन टाकल्यावर चमकल्या तो गट पुन्हा विभागायचा, पुन्हा तपासायचा, असे करत एकच जनुक उरेपर्यंत जायचे. मिळाले ते चॅनेल, म्हणजे पेशीपटलातले उघड-बंद होणारे प्रथिनाचे दार: टीआरपीव्ही१. ते सुमारे ४३ अंश सेल्सियसलाही उघडते, म्हणून तिखट ‘जाळते’. सूज आलेल्या जागी आम्लता वाढली की ते कमी तापमानालाच उघडू लागते. उन्हाने भाजलेल्या पाठीवर कोमट पाणीही चटका देते, ते अशाच संवेदनशील झालेल्या टोकांमुळे. पक्ष्यांच्या याच प्रथिनाला कॅप्सेसिन भिडत नाही, म्हणून पोपट मिरची आनंदाने खातो.

२००२ मध्ये ज्युलियस आणि आर्देम पातापुतियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे थंडीचे चॅनेल टीआरपीएम८ शोधले. ते साधारण २५ ते २८ अंशांखाली उघडते आणि मेन्थॉलनेही. पुदिन्याचा गारवा हा तापमान न बदलता त्याच तंतूला दिलेला धक्का असतो. मग औषध सोपे वाटले: टीआरपीव्ही१ बंद करा, वेदना थांबेल. चाचण्यांत अशा औषधांनी काही रुग्णांचे शरीराचे तापमान वाढले, कारण हे चॅनेल तापमान नियंत्रणातही गुंतलेले आहे. शिवाय उष्णतेची धोकादायक पातळी ओळखणे मंदावले. याउलट चॅनेल सतत उघडे ठेवून टोकांना थकवण्याची वाट कामी आली. ८ टक्के कॅप्सेसिनचा पॅच तासभर, तळव्यांवर अर्धा तास, लावून नसांच्या विकारातल्या वेदनेवर उपचार होतो. तो दवाखान्यातच, हातमोजे घालून लावायचा असतो.

स्पर्शाचे चॅनेल सर्वांत उशिरा हाती आले. पातापुतियन यांच्याकडे बर्त्राँ कोस्त यांनी दाबाला विद्युत प्रतिसाद देणाऱ्या उंदराच्या पेशी घेतल्या, पेशीला काचेच्या बारीक नळीने ढोसायचे आणि दुसऱ्या नळीने प्रवाह मोजायचा. ७२ संशयित जनुके एकेक करून बंद केली. शेवटचे जनुक बंद करताच प्रवाह गेला. २०१० मध्ये पिएझो१ आणि त्याचा भाऊ पिएझो२ जाहीर झाले. पिएझो२ मेर्केल पेशींत सापडले आणि या पेशी स्वतः दाब ओळखतात की नाही हा १८७५ पासूनचा वाद मिटला: त्या स्वतःच ओळखतात. २०१६ मध्ये पिएझो२ नसलेल्या दोन रुग्णांचे वर्णन आले. कंपन आणि सांध्यांची स्थिती त्यांना कळत नव्हती, डोळे बांधले की चालता येत नव्हते. वेदना आणि तापमान मात्र बरेचसे शाबूत. फॉन फ्राय यांना यापेक्षा चांगला पुरावा मिळाला नसता. २०२१ चे नोबेल ज्युलियस आणि पातापुतियन यांना मिळाले. क्राउझच्या कंदांचा निकाल २०२४ मध्ये लागला: उंदरांच्या जननेंद्रियांत ते कंपन टिपतात, थंडी नव्हे. जोरदार दाबाने होणाऱ्या वेदनेचे चॅनेल नेमके कोणते, हे अजून पूर्ण ठरलेले नाही.

या इतिहासाचा दवाखान्यातला वारस म्हणजे १० ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा, नायलॉन तंतू. कुष्ठरोगात बोटे रोगाने सडत नाहीत, वेदना न कळल्याने झालेल्या जखमांनी झडतात, हे वेल्लोरला काम करताना पॉल ब्रँड यांनी दाखवले. १९६६ नंतर ते अमेरिकेतल्या कार्विल इथल्या कुष्ठरोग केंद्रात गेले, आणि तिथूनच १९८६ मध्ये १० ग्रॅम ही पायाच्या संरक्षक संवेदनेची (इजेपासून वाचवण्याइतक्या जाणिवेची) मर्यादा पुढे आली. मधुमेही पाय तपासताना आधी हातावर तंतू टेकवून रुग्णाला कल्पना द्यायची, मग त्याला दिसू न देता अंगठ्याचा तळ, पहिल्या आणि पाचव्या बोटामागचा उंचवटा इथे तंतू वाकेपर्यंत दाबायचा. टेकवणे आणि उचलणे मिळून साधारण दोन सेकंद. प्रत्येक जागी दोनदा, आणि एकदा न टेकवताच विचारायचे. तीनपैकी दोन उत्तरे बरोबर तर संवेदना शाबूत. घट्ट्यावर टेकवला तर खोटा बधिरपणा दिसतो, त्वचेवर सरकवला तर खोटा होकार मिळतो. साधारण दहा रुग्णांनंतर तंतूला दिवसभराची विश्रांती लागते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत नायलॉन मऊ पडून दाब कमी भरतो.

नायलॉनचा तंतू नसेतल्या फक्त जाड ए-बीटा तंतूंची परीक्षा घेतो. तळव्यांची आग होणाऱ्या रुग्णाचे बारीक तंतू खराब झाले असतील तरी नायलॉन त्याला स्वच्छ जाणवेल. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात तर थंड-गरम बऱ्याचदा आधी जाते आणि हलका स्पर्श नंतर. म्हणून चट्टा तपासताना थंड पाण्याची आणि सुमारे ४० अंशांच्या पाण्याची अशा दोन परीक्षानळ्या आलटूनपालटून टेकवाव्यात, आणि शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना करून उत्तर घ्यावे.