बापावर गेलेली पिल्लं

गणपतीला मावशीकडे गेले होते, अकोले तालुक्यात, तर मावसभावाने चहा पण नीट पिऊ दिला नाही, आधी खुराड्याकडे नेलं. अकरा पिल्लं होती, अडीच महिन्यांची. एकेक पकडायचा, पोटाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करायचा आणि आतली कातडी दाखवायचा. पाच जणांची कातडी कोळशासारखी, पाय काळे, चोच उघडून बघितली तर जीभ पण काळपट. बाकी सहांची कातडी फिकट, मध्ये मध्ये राखाडी डाग, कुणीतरी सांडलेली शाई घाईघाईत पुसून घेतल्यासारखे.

"ताई, ही पाच बापावर गेलीत, ही प्युअर. ती सहा आईवर गेली, मिक्स. मिक्सला खाद्य घालून काय करायचं, दिवाळीच्या आत कापून टाकणार."

बाप म्हणजे त्याने महागात आणलेला कडकनाथ कोंबडा. कडकनाथच्या दोन माद्या पण आणल्या होत्या, त्या उन्हाळ्यात मानमोडीच्या रोगाने गेल्या, म्हणून मावशीच्या पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्यांची अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवलेली. म्हणजे अकराच्या अकरा पिल्लांची आई गावरानच. काळ्या पाचांना तो कडकनाथ म्हणून जास्त भावाने विकणार होता, आणि मनापासून सांगते, यात फसवायचा हेतू अजिबात नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की जे पिल्लू बापासारखं दिसतं त्याच्यात बापाचं रक्त जास्त.

मावशीचं सगळं उलट. तिच्या खुराड्यात गावरान आहे, कधीकाळी आणलेल्या गिरिराज जातीचा अंश आहे, शेजारच्या कोंबड्याची तर मोजदादच नाही. तिच्या लेखी पिल्लू ते पिल्लू. रंगावरून जीव घ्यायचा ही कल्पनाच तिला सहन होत नाही, मात्र पाहुणे आले की कोंबडा कापायला तिची काही हरकत नसते. मायलेकांचे यावरून रोज खटके. कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक गावांत हे दोन पक्ष आहेत, एक शुद्ध जातवाले आणि एक काय असेल ते चालेलवाले.

मी त्याला एवढंच म्हटलं, जरा तुरे बघ. सहाच्या सहा फिकट पिल्लांचे तुरे लाल आणि मोठे व्हायला लागलेले, म्हणजे कोंबडे. पाचही काळ्या म्हणजे तलंगा, तरुण कोंबड्या. शुद्ध-अशुद्ध निवडतोय असं त्याला वाटत होतं आणि प्रत्यक्षात तो नर-मादी निवडत होता. असं का झालं ते सांगण्यासाठीच हा सगळा लेख लिहितेय, कारण कोंबडीच्या जेनेटिक्समधली ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे.

आधी कडकनाथ काळा कशाने होतो ते बघू. हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर भागातला, भिल्ल-भिलालांनी सांभाळलेला पक्षी, तिकडे त्याला कालीमासी म्हणतात. अंड्यात पिल्लाचा गर्भ तयार होत असताना पाठीच्या कण्याच्या जागेजवळून काही पेशी प्रवासाला निघतात, त्यातल्या काही पुढे रंग बनवणाऱ्या पेशी होतात. साध्या कोंबडीत त्या कातडीखालून सरकत पिसांच्या मुळांपर्यंत जातात आणि तिथे काम संपतं. कडकनाथमध्ये मात्र २० नंबरच्या क्रोमोसोमवरचे दोन मोठे तुकडे, डीएनएची प्रत्येकी लाखाच्या वर अक्षरं असलेले, दुप्पट होऊन उलटसुलट जोडले गेलेत. यातल्या एका तुकड्यात एंडोथेलिन-३ नावाचं जीन आहे, जे या पेशींना वाढायचा आणि पुढे सरकायचा निरोप देतं. जीनच्या प्रती वाढल्या की निरोप वाढतो, पेशी भरमसाट होतात आणि एरवी जिथे जात नाहीत तिथे पण जाऊन बसतात, स्नायूंच्या आवरणात, हाडांच्या आवरणात, श्वासनळीवर, आतड्यांवर. म्हणून मटण काळं दिसतं. रक्त मात्र लालच असतं, आणि अंडं पण काळं नसतं, फिकट मलई-बदामी रंगाचं असतं, ते काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो फिरतात ते खोटे. २०११ साली हा बदल सापडला तेव्हा कळलं की चिनी सिल्की, इंडोनेशियातली आयाम चेमानी, व्हिएतनाममधली ह्मोंग, स्वीडनमधली काळी कोंबडी, सगळ्यांत अगदी हाच आहे, आणि नंतर भोपाळच्या संशोधकांनी कडकनाथचा जीनोम तपासला तर त्यात पण तोच.

पण नुसतं एवढं जीन पुरत नाही. दुसरं एक जीन आहे जे ब्रेकचं काम करतं, कातडीत खोलवर रंग साठू देत नाही. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत हा ब्रेक असतो, कडकनाथमध्ये नसतो. आणि हा ब्रेक बसलाय झेड क्रोमोसोमवर, सगळी गंमत इथेच आहे.

माणसात बाई एक्स-एक्स आणि पुरुष एक्स-वाय हे शाळेत शिकलोच आहोत. पक्ष्यांत हे उलट. कोंबडा झेड-झेड, कोंबडी झेड-डब्ल्यू. म्हणजे कोंबडीकडे झेड एकच, आणि तो तिला नेहमी बापाकडून मिळतो, कारण आईने तिला डब्ल्यू दिलेला असतो. आता भावाचं खुराडं घ्या. बाप कडकनाथ, त्याच्या दोन्ही झेडवर ब्रेक नाही. आई पिवळ्या पायांची, तिच्या एकुलत्या झेडवर ब्रेक आहे. मुलीला बापाचा बिनब्रेकचा झेड मिळाला, आईचा डब्ल्यू मिळाला, ब्रेक कुठेच नाही, म्हणून ती काळी. मुलाला एक झेड बापाचा आणि एक आईचा, आईच्या झेडवर ब्रेक आहे आणि तो एकटाच पुरतो, म्हणून मुलगा फिकट डागांचा. काळ्या जीनची एकेक प्रत मात्र दोघांनाही बापाकडून सारखीच मिळालेली. अकराही पिल्लं निम्मी कडकनाथ, निम्मी गावरान, कुणी बापावर गेलं नाही की आईवर.

जोडी उलटी करून बघा. गावरान पिवळ्या पायांचा कोंबडा आणि कडकनाथ मादी. आता बापाच्या दोन्ही झेडवर ब्रेक, तो मुलाला पण मिळणार आणि मुलीला पण, झालं, सगळी पिल्लं फिकट. शेजारचा कोंबडा कुंपणावरून आला, सगळी पिल्लं फिकट निघाली, मग ज्याने मादी विकली त्याच्याशी भांडण की तुझी कडकनाथ खोटी. ती खोटी असेलच असं नाही, बाप बदलला की हेच होणार. आणि गावरान पक्षी निळसर-काळपट पायांचा असेल तर हिशोब आणखी वेगळा, कारण त्याच्याकडे ब्रेक नसतोच, मग जोडी कशीही लावा, पिल्लं काळीच. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट (बारावीच्या पुस्तकातल्या चौकोनाचा तोच पनेट) या इंग्लिश शास्त्रज्ञांनी सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न या जातींच्या जोड्या दोन्ही बाजूंनी लावून हे कोडं १९११ सालीच मांडलं होतं.

यातून पुढचा मुद्दा निघतो जो भावाला सगळ्यात जास्त लागला. या पाच काळ्या तलंगा त्याने परत कडकनाथ कोंबड्याला लावल्या तर त्यांची सगळी पिल्लं काळी निघतील, नर पण आणि माद्या पण. त्यात पाव हिस्सा गावरान असेल आणि कातडी बघून ते कुणाच्या बापाला कळणार नाही. काळा रंग दोन जीनचं बोलतो, कोंबडीत जीन आहेत सोळा-सतरा हजार. वाढ, अंडी, रोगाला टिकणं, खुडूक बसणं हे बाकीच्यांच्या हातात, आणि आपण फुंकर मारून निवाडा करतो.

संकर वाईट असता तर इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथ आणि कारी रेड या जातींपासून कारी श्यामा ही संकरित कोंबडी मुद्दाम कशाला तयार केली असती. फक्त मावशीच्या पक्षाला पण एक गोष्ट सांगायला हवी, वनराजासारख्या तयार संकराची अंडी घरीच उबवली की पुढची पिढी एकसारखी येत नाही, कुणी मोठं कुणी बारकं, अंडी पण कमी, कारण संकराचा जोम पहिल्या पिढीत सगळ्यात जास्त असतो. आणि झाबुआची मूळ कडकनाथ तशीच टिकली पाहिजे हे मला पण मनापासून वाटतं, पण ते काम वंशावळीच्या नोंदी आणि भरपूर पक्षी असतील तिथेच होतं, दहा कोंबड्यांच्या खुराड्यात होत नाही.

का होत नाही त्याचं गणित आहे. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील तर पैदाशीच्या हिशोबाने ते अकरा पक्षी धरत नाहीत. नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. चार गुणिले एक गुणिले दहा म्हणजे ४०, भागिले ११, आले ३.६. अकरा पक्ष्यांचा कळप साडेतीन पक्ष्यांएवढा, आणि दर पिढीला जवळच्या नात्यातली पैदास सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. कोंबडे तीन ठेवले तर आकडा ९.२ होतो आणि वाढ साडेपाच टक्क्यांच्या आत येते. आता रंगावरून निम्मी पिल्लं दरवेळी कापत गेलात तर उरलेल्यांत सगळी भावंडंच, मग अंडी उबत नाहीत, पिल्लं मरतुकडी निघतात, आणि दोष दिला जातो मिक्स रक्ताला.

छाटणी करूच नये असं मी म्हणत नाही. आजारातून उठून पण झुरत बसलेला पक्षी, वाकड्या चोचीमुळे खाता न येणारं पिल्लू, दुसऱ्यांची पिसं उपटून रक्त काढणारी कोंबडी, यांना ठेवण्यात दया नाही. अंडी देणारी कोण ते पण हाताने कळतं, शेपटीखाली ढुंगणाजवळची दोन टोकदार हाडं चाचपायची, मध्ये दोन-तीन बोटं बसली तर चालू आहे, एकच बसलं तर बंद आहे. मावशी हे न बघता सांगते. तिची कवडी नावाची कोंबडी दोन वर्षं बंद आहे आणि ती कापली जाणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पण आरवणारी कोंबडी अपशकुनी म्हणून त्याच दिवशी मारायची हे मात्र बंद झालं पाहिजे. कोंबडीत सहसा डावंच अंडाशय काम करतं, ते आजाराने बिघडलं की उजवीकडचा सुप्त अवयव कधी कधी वृषणासारखा वाढतो, नर संप्रेरकं सुटतात, तुरा वाढतो, कोंबडी बांग देते. घरावर त्यात काही येत नाही. तसंच कडकनाथ खाल्ल्याने हृदयरोग बरा होतो, अमकी ताकद येते, हे पण बंद व्हावं. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते औषध म्हणून नाही. याच हवेवर २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पाळणाऱ्या हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, शेड रिकामी पडली, त्यातली काही मी स्वतः बघितली आहेत.

भावाने शेवटी विचारलं, मग माझा कोंबडा तरी खरा आहे का. त्याचं उत्तर त्या पिल्लांतच होतं. कोंबड्याकडे काळ्या जीनची एकच प्रत असती तर निम्म्या पिल्लांत काळं अजिबात दिसलं नसतं, आणि इथे तर अकराच्या अकरांत आहे, असं नुसत्या योगायोगाने व्हायची शक्यता २०४८ मध्ये एक. त्या एका जीनपुरता कोंबडा पास. बाकीच्यांचं त्याच्या कातडीवर लिहिलेलं नाही.

पाच तलंगा त्याने ठेवल्या, विकताना कडकनाथ-गावरान क्रॉस असंच सांगणार म्हणाला, भाव कमी येईल तरी. फिकट कोंबड्यांतले दोन, सगळ्यात दांडगे, मावशीने आपल्या कळपासाठी मागून घेतले आणि पायात लाल दोरा बांधला. उरलेले चार दिवाळीला.