फसून गेलेल्या आणि पटून गेलेल्या

धार्मिक बाई वेगळी आणि कट्टर संघटनेकडे ओढली गेलेली बाई वेगळी. उपासना वाढली, पेहराव बदलला म्हणून कुणी कट्टर होत नाही. एवढं बहुतेकांना कळतं. घोळ होतो तो पुढे. ऑनलाइन संपर्कातून आयसिसकडे गेलेली प्रत्येक स्त्री फसवली गेली, असं सरसकट धरलं जातं. ‘जिहादी वधू’ हे वर्तमानपत्री लेबल तर मला मुळीच सहन होत नाही. लग्नाच्या आमिषापलीकडे तिला डोकंच नव्हतं, असं ते गृहीत धरतं.

फसवणुकीत किंमत लपवलेली असते. इथे ती उघड होती. ऑगस्ट २०१४ पासून शिरच्छेदाचे व्हिडिओ आयसिस स्वतःच पसरवत होती. २०१३ मध्ये ग्लासगोहून सीरियाला गेलेली अक्सा महमूद तिच्यामागून येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी ब्लॉग लिहायची. सोबत काय आणावं ते त्यात होतं, आणि सीमा ओलांडल्यावर घरी पहिला फोन करणं किती जड जातं, तेही होतं. दुःख झाकलं नव्हतं, त्याला पुण्याचं मोल चढवलं होतं.

पटतं ते असं. सीरियात मरणाऱ्या मुलांची छायाचित्रं बघून आलेला संताप खरा असतो. घरात भावाला मोकळीक आणि आपल्यावर पहारा, ही चीडही खरी असते. त्यात रात्री-अपरात्री उत्तर देणारी, बहीण म्हणणारी कुणी भेटते. आई-वडिलांचा विरोध धर्माच्याच आधारे मोडता येतो, हे ती शिकवते. घर सोडणं मग बंड राहत नाही, कर्तव्य होतं. हे बाहेरून बघणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

पटलं म्हणजे शोषण झालं नाही, असंही नव्हे. शमीमा बेगम फेब्रुवारी २०१५ मध्ये पूर्व लंडनमधून आयसिसकडे गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती. लैंगिक शोषणासाठी तिला नेलं गेल्याचा विश्वासार्ह संशय २०२३ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने मान्य केला, तरी नागरिकत्व काढून घेण्याचा निर्णय कायम ठेवला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. अल्पवयीन मुलीला पटलं होतं म्हणून तिला नेणाऱ्यांचा गुन्हा हलका होत नाही.

फसलेल्या मुलीला खरी माहिती दिली तर ती थांबू शकते. पटलेलीला क्रौर्याचे व्हिडिओ दाखवून काही होत नाही, ते तिने आधीच पाहिलेले असतात. तिच्याशी बोलायचं तर त्या संतापाबद्दल आणि घरातल्या पहाऱ्याबद्दल बोलावं लागतं.