भोसल्यांच्या राजबागा आणि त्यांचं पाणी (नागपूर)

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शहरात आणि शहराबाहेर केलेल्या बागा. जुन्या गॅझेटियरमध्ये महाराजबाग, तुळशीबाग, पालडी, सक्करदरा, सोनेगाव आणि तेलंगखेडी अशी नावं येतात. राजवाडा शोधायला जाऊ नका, महाल या जुन्या वस्तीतला काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीने भरलेला वाडा १८६४ साली जळाला, मोठा दरवाजा तेवढा राहिला. म्हणून भोसल्यांची ऐट बघायची तर बागांकडेच वळावं लागतं.

पाणी कोणी आणलं यावर जरा घोळ आहे. लोक सगळेच जुने तलाव सरसकट भोसल्यांच्या नावावर टाकतात, पण शुक्रवारी तलाव (जुना जुमा तलाव, आताचा गांधीसागर) गोंड राजा चांद सुलतानचा, म्हणजे पहिले रघूजी भोसले इथे स्थिरावायच्या आधीचा, असंच बहुतेक जाणकार धरतात आणि ते पटतंही, कारण त्याच राजाने गावाला तटबंदी घातली होती, आणि तटाच्या आतल्या वस्तीला पाणी लागणारच ना. भोसल्यांचं काम त्यानंतरचं, फुटाळा म्हणजेच तेलंगखेडीचा तलाव त्यांचा. त्याचं नेमकं साल सांगणारे बरेच भेटतात, पण भोसलेकाळ एवढंच धरणं बरं.

कारंज्याचं गणित कुठल्याही राजवाड्यात एकच. पंप नव्हते, म्हणून टाकी उंचावर आणि तोटी खाली, बस्स. साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याने चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब मिळतो, मात्र नळातलं घर्षण आणि हवेचा अडथळा यामुळे धार टाकीच्या पातळीपर्यंत कधीच पोचत नाही, त्यातून नळ लांबला, वळणं वाढली की ती अजून खाली येते. राजस्थानात डीगच्या महालात छतावरचाच हौद भरून ठेवत आणि त्याच्या भोकांतले बोळे काढले की खाली कारंजी उडत. पुण्यात शनिवारवाड्याला कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने यायचं, हजारी कारंजं त्या वाड्यातलंच. नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते, नाग नदी तशीच वाहते, त्यामुळे पश्चिमेच्या उंचवट्यावरचं पाणी आपोआप महालाकडे यायला ढाळ मिळतो, पण जोराची धार हवी तर मोटेने पाणी वर चढवण्याशिवाय इथे गत्यंतर नाही. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनी पश्चिमेच्या अंबाझरी तलावाचा बांध वाढवून गावाला नळाने पाणी दिलं तेही याच दिशेने, यातच सगळं आलं.

१८५४ मध्ये संस्थान खालसा झालं आणि बागांच्या वाटा वेगळ्या झाल्या. महाराजबाग आज कृषी महाविद्यालयाकडे आहे, प्राणिसंग्रहालयासाठीच लोकांना माहीत. नाग नदी बागेच्या कडेने जाते, तिथे उभं राहून नदीची आजची अवस्था बघितली की जीव तुटतो. तुळशीबाग महालात असल्याने आता नावापुरतीच उरल्यासारखी वाटते. सक्करदरा आणि सोनेगावला तलाव आहेत.

एका दिवसात बघायचं तर सकाळी महाल, गांधी गेटचा काळा दगड आणि शुक्रवारी तलाव, मग सीताबर्डीवरून महाराजबाग आणि उन्हं कलली की फुटाळा, असा क्रम सोयीचा, कारण पाण्याच्या उलट दिशेने चढत गेलं की शहराचा ढाळ पायांना कळतो. फुटाळ्याच्या काठावर भाजलेले भुट्टे मिळतात. एप्रिल-मे टाळा, नागपूरचं ऊन बाग बघू देत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तलाव भरलेले बघायचे असतील तर सप्टेंबरच.