कान्ह नदी आणि ‘टॅपिंग’चा अर्थ

इंदूरच्या कान्ह आणि सरस्वती नद्यांविषयीची चर्चा हल्ली २०२१पासूनच सुरू होते, कारण त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंदूर हे देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय नदी-नाल्यांत न सोडणारे म्हणून केंद्र सरकारने प्रमाणित केलेले शहर ठरले. त्यापूर्वी लहानमोठ्या २५ नाल्यांत उघडणारी सांडपाण्याची सात हजारांहून अधिक तोंडे बंद करून मलवाहिन्यांना जोडण्यात आली होती. या कामाला ‘नाला टॅपिंग’ हा शब्द रूढ झाला आणि गल्लत तेथेच सुरू झाली. टॅपिंगने मैला अडतो. नदीला पाणी मिळत नाही. पावसाळा सरला की या नद्यांना स्वतःचा असा प्रवाह फारसा उरत नाही, आणि उन्हाळ्यात कृष्णपुऱ्यातील होळकरांच्या समाधी-छत्र्यांजवळून जे वाहत असे ते बव्हंशी घराघरांतून वापरून सोडलेले पाणी होते. १९७८पासून त्यातही मोठा वाटा सुमारे सत्तर किलोमीटरवरून उपसून आणलेल्या नर्मदेच्या पाण्याचा. नळाचे पाणी वाढले तसे सांडपाणी वाढले, मलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. साहजिकच तोंडे बंद झाल्यावर पात्र कोरडे पडते आणि प्रक्रिया करून सोडलेले पाणी हाच नदीचा प्रवाह ठरतो. त्याला पुनरुज्जीवन म्हणायचे का, हा प्रश्न त्या एका इंग्रजी शब्दाआड राहून गेला आहे.

त्याची झळ उज्जैनला बसते, कारण कान्ह तेथे त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. २०१६च्या सिंहस्थासाठी तिचे पाणी नळवाहिनीने स्नानाचे घाट टाळून त्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या कालियादेहकडे वळवण्यात आले; म्हणजे नदी शुद्ध करण्याऐवजी ती नजरेआड केली गेली. पर्वणीपुरती सोय म्हणून ते चालूनही गेले असते, पण २०२८साठीही त्याहून मोठ्या वळणमार्गाचाच आधार घेतला जात आहे. त्याच क्षिप्रेत २०१४पासून नर्मदेचे पाणी सोडले जाते, त्यामुळे एकाच नर्मदेचे पाणी तिला एका वाटेने निर्मळ आणि दुसऱ्या वाटेने इंदूरचे सांडपाणी होऊन भेटते.

होळकर दरबाराने बोलावलेल्या एका स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८च्या अहवालात नदीकाठची स्वच्छता आणि बागा यांचा विचार नगररचनेचाच भाग म्हणून मांडला होता. इंदूरच्याच सिरपूर तलावाला २०२२मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. नदीच्या वाट्याला मात्र प्रक्रिया केंद्रेच आली. क्षिप्रेचे पाणी चंबळ आणि यमुनेतून अखेर गंगेला मिळते, या आधारावर गंगा शुद्धीकरणाच्या राष्ट्रीय योजनेतून इंदूरसाठी ५११ कोटी रुपयांची तीन केंद्रे मंजूर झाली, आणि त्यांची क्षमता दररोज १९.५ कोटी लिटर सांडपाण्याची आहे.