नळ्यांचा एक्स-रे आणि दुर्बिणीची तपासणी: नसबंदीनंतर नळ्या जोडण्यापूर्वी

कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मूल हवे असलेली जोडपी गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडी अशा तालुक्यांतून कोल्हापूर शहरात येतात, तेव्हा त्यांच्या चिठ्ठीवर अनेकदा एचएसजी (नळ्यांचा एक्स-रे) आणि लॅपरोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) अशी दोन नावे असतात. बोलण्यात दोन्हींना ‘नळ्यांची तपासणी’च म्हटले जाते, त्यामुळे एक झाल्यावर दुसरी कशासाठी, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडतो, खर्चाचा विचार करता तो रास्तही आहे. मात्र या दोन तपासण्या बीज अंडाशयाकडून गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळीचे वेगवेगळे भाग दाखवतात.

एचएसजी हा गर्भाशयाचा आणि नळ्यांचा एक्स-रे. पाळीचे रक्त थांबल्यावर, साधारणपणे सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, गर्भाशयाच्या मुखातून आयोडीनयुक्त द्रव सोडून तो काढतात. भूल द्यावी लागत नाही. पाळीत येते तशी कळ येते आणि बाई त्याच दिवशी एस.टी.ने घरी परतू शकते. आयोडीनची ॲलर्जी असल्यास, ताप असल्यास किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात असल्यास ते आधीच सांगावे.

नसबंदी झालेल्या स्त्रीच्या फिल्मवर गर्भाशयाच्या पोकळीचा पांढरा त्रिकोण दिसतो, त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून केसासारख्या बारीक रेषा निघतात आणि थोड्या अंतरावर थांबतात. अहवालात ‘दोन्ही नळ्या बंद’ असे येते. हे वाचून कोणीही खचून जाऊ नये, कारण त्या बंद करण्यासाठीच तर पहिली शस्त्रक्रिया झाली होती. पाहायचे ते एवढेच की रेषा किती अंतर जाऊन थांबली आणि पोकळीत गाठ, पॉलिप (अस्तरावरची मांसल वाढ) किंवा चिकटलेला भाग आहे का. रेषा मुळीच दिसली नाही तरी लगेच निष्कर्ष काढू नये. तपासणीच्या वेळी स्नायू आवळले गेल्यानेही द्रव कोपऱ्यातच अडतो.

जिथे नळी कापली किंवा बांधली, त्याच्या पलीकडे द्रव जातच नाही. अंडाशयाजवळचे झालरीसारखे टोक, जे बीज उचलून घेते, ते शाबूत आहे का, नळीभोवती चिकटलेले पडदे आहेत का, त्या भागात आपल्याकडे आढळणाऱ्या जननेंद्रियांच्या क्षयरोगाच्या खुणा आहेत का, हे एचएसजी सांगू शकत नाही. त्यासाठी लॅपरोस्कोपी लागते. पूर्ण भूल देऊन बेंबीजवळच्या लहान छेदातून दुर्बीण आत घालतात आणि दोन्ही बाजूंचे तुकडे प्रत्यक्ष पाहतात. जोडल्यानंतर नळीची लांबी चार सेंटिमीटरपेक्षा कमी राहणार असेल, किंवा झालरीचे टोकच काढून टाकलेले असेल, तर यशाची आशा फार कमी होते. भुलीमुळे उपाशी राहणे, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही व काविळीच्या चाचण्या आणि गरजेनुसार ईसीजी ही तयारी इथे आवश्यक ठरते.

पहिली शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली होती, म्हणून दुर्बिणीची तपासणी झालेलीच आहे, असेही काही जण समजतात. त्या वेळी नळ्या निरोगी होत्या की नाही एवढेच कळले असेल. आज काय उरले आहे ते नव्हे. तरीही त्या शस्त्रक्रियेचा जुना कागद फार मोलाचा आहे. रिंग किंवा क्लिप बसवली असेल तर नळीचा थोडाच भाग जातो, टाका घालून कापली असेल तर अधिक, आणि विजेने जाळली असेल तर बहुधा त्याहून अधिक. केवळ नसबंदीचे प्रमाणपत्र हाती असेल आणि त्यावर पद्धत नसेल, तर जिथे शस्त्रक्रिया झाली त्या आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत ती शोधावी.

माझ्या मते या दोन्हींच्या आधी पतीची वीर्यतपासणी, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, आणि पत्नीची एएमएच (अंडाशयात बीजे किती उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) व सोनोग्राफी व्हायला हवी. त्यांत मोठा दोष निघाला, तर नळ्यांवर खर्च करण्यापूर्वीच टेस्ट ट्यूब बेबीचा विचार करता येतो. वय पस्तिशीपुढे असेल तर ही चर्चा टाळूच नये.

अनेक शल्यचिकित्सक दुर्बिणीने पाहणे आणि नळ्या जोडणे एकाच भुलीत उरकतात, म्हणजे दुसऱ्यांदा दाखल व्हावे लागत नाही. अशा वेळी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे की नळ्या जोडण्यायोग्य नसतील तर शस्त्रक्रिया तिथेच थांबवणार का, एकच नळी जोडता येत असेल तर काय करणार, आणि त्या दिवसाचे बिल किती होईल.