वार्धक्यसुलभ घर (ग्रामीण विदर्भ)

गुडघे, नजर आणि तोल साथ देईनासे झाल्यावरही माणसाला आपल्या घरात आधाराशिवाय वावरता यावे आणि विजेचे बिलही फुगू नये, अशा बेताने केलेली घराची बांधणी. विदर्भात या बेताला दोन गोष्टी वळण लावतात : 45 अंशांपलीकडे जाणारा मे महिन्याचा पारा आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन.

उष्मा मुख्यतः छतातून येतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते, त्यामुळे ही धग जिवावर बेतू शकते. होळीनंतर स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. टिनाखाली अर्धा फूट पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्या बांधाव्यात. मातीची दीड-दोन फुटी भिंत आणि कवेलू (कौले) शाबूत असताना ते पाडून स्लॅब टाकणे म्हणजे पैसे मोजून उष्मा विकत घेणे. पश्चिमेला छपरी हवीच.

कूलर लावल्यास समोरची खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोली नुसती दमट होते. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि घराच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. पाणी भरण्याआधी प्लग काढावा. 75 वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी 30-35 वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा लावला, तर भारनियमनात इन्व्हर्टर बराच जास्त वेळ पुरतो.

खरी कसोटी अंगणातून जोत्यावर चढण्यासाठी पायऱ्यांऐवजी करायच्या उताराची (रॅम्पची). एक फूट उंचीला बारा फूट लांबी, या हिशेबाने दीड फुटी जोत्याला अठरा फूट उतार लागतो. अंगण अपुरे असेल तर तो काटकोनात वळवावा आणि वळणावर पाच फूट चौरस सपाटी ठेवावी. उतार थेट काळ्या मातीवर ओतला की पहिल्याच पावसात जमीन फुगते, जोते आणि उतार यांच्यात बोटभर पायरी उभी राहते आणि वॉकरचे पुढचे पाय तिथेच अडतात. म्हणून काळी माती काढून सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरावा, प्रत्येक थर पाणी मारून ठोकावा आणि उतार जोत्याला न जोडता मध्ये मोकळा सांधा ठेवावा. दोन्ही बाजूंना अडीच ते तीन फुटांवर कठडा असावा.

संडास अंगणाच्या टोकाला असेल, तर टाइल्सवर खर्च करण्याआधी तो झोपायच्या खोलीजवळ आणावा. कमोडची बैठक दीड फूट उंच आणि दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार अंगाला अडते. मातीच्या भिंतीत ठोकलेला आधारदांडा भार पडताच उपटून हाती येतो. तिथे दीड फूट खोल काँक्रीटमध्ये रोवलेला जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा करावा. गुळगुळीत टाइल्सपेक्षा खरबरीत शहाबादी फरशी बरी.

दारे तीन फूट रुंद आणि उंबरठा जमिनीसपाट हवा. त्याला घरची मंडळी विंचू-सापाच्या भीतीने नकार देतात आणि ती भीती खोटी नाही. दाराच्या खालच्या कडेला जमिनीला टेकणारी रबरी पट्टी बसवून दाराखालची फट बुजवता येते.